धनीरामचा शिक्का

धनीरामच्या काठीच्या पहिल्या तडाख्याने मुख्याध्यापकांचं कपाळ फुटलं, दुसऱ्याने टेबलावरची काच. "माह्या पोरीले परीक्षेच्या दिवशी घरी काहून बसवलं, मास्तर?"

सानगडीजवळच्या त्या गावात धनीराम शाळा समितीचा अध्यक्ष होता. त्याला वाचता येत नव्हतं. पण अध्यक्षपदाचा शिक्का तो शर्टाच्या खिशात घेऊन मिरवायचा आणि समोर येईल त्या कागदावर दणकन मारायचा. शिक्का मारायला वाचावं कशाला लागतं!

"निकाल घसरला तर शाळेचा निधी जाते," रुमालाने कपाळ दाबत मुख्याध्यापक म्हणाले आणि त्यांनी ठरावाचं रजिस्टर पुढे ढकललं. "कच्ची पोरं त्या दिवशी घरी ठेवायची, हा ठराव समितीचाच आहे."

"लबाड बोलून राहिला! वाचून दाखव वं गुंजन!"

बापासोबत आलेल्या चौथीतल्या गुंजनने रक्ताचे थेंब पडलेल्या पानावर बोट ठेवलं. अडखळत, पण एकही अक्षर न चुकता तिने सगळं वाचलं. पाच कच्च्या पोरांत तिचं नाव पहिलं होतं. खाली शिक्का होता.

"बाबा, हा त तुमचाच होय."

काठी पुन्हा वर गेली. गुंजनने रजिस्टर सोडलं आणि घरच्या सवयीने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.