कमावलेली बॉडी

आम्ही बापलेकांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सांबार उपटणं. पुण्याकडचे लोक त्याला कोथिंबीर म्हणतात. दर्यापूरच्या पुढं आमचं भाजीपाल्याचं वावर आहे. त्या दिवशी अकोल्यात पोराची वजन उचलायची स्पर्धा होती, तरी सकाळी तो वावरात आला. मी उपटत होतो, तो धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून जुड्या बांधत होता.

हा माणूस माझी मोटरसायकल उचलून एका बाजूची दुसऱ्या बाजूला ठेवायचा. आणि उकिडवं बसून थोड्या जुड्या बांधल्या की तोंड उघडून श्वास घेत होता.

"कावून बे, दिसतं पहाडावानी अन् सांबाराच्या जुडीनं दम लागते?"

"काल जिममधी पाय मारले न, त्यानं होते."

"पाय मारले त छाती कावून धडधडते?"

"बाबा, तुमी सांबार पाहा."

दोघंही हसलो. पोतं खांद्यावर टाकून तो सडकेला गेला आणि अकोल्याच्या जीपमध्ये बसला. पोतं टपावर, तो पुढं ड्रायव्हरजवळ. दोन माणसांची जागा त्याला एकट्याला लागायची, म्हणून मागचे लोक कुरकुरत होते. मी पाहिलं ते एवढंच.

दुपारी त्यानं स्पर्धेत वजन उचललं, खाली ठेवलं आणि गुडघ्यावर बसला. मोठं वजन उचललं की गडी असे बसतात, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो तोंडावर पडला. टाळ्या त्याच्या पडण्यानंतरही चालू होत्या, असं तिथं असलेल्या एका गड्यानं मला सांगितलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

आता हा असा कसा झाला ते सांगतो. त्याची माय चांदूर बाजारची. ती गेली तेव्हा पोरगा काडीसारखा होता. नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात लागला, अमरावतीत खोली केली, लग्न केलं. कारखान्यातल्या गड्यांसोबत जिमला जायला लागला. तिथवर काही वाईट नव्हतं. व्यायामानं कोणी मरत नाही. आमच्या वऱ्हाडात गावोगाव आखाडे होते, लोक जोर-बैठका मारत म्हातारे झाले.

पण जिमचा एक सर होता. त्यानं सांगितलं, नुसत्या अंड्यांनी आणि घामानं तू जिल्ह्याच्या पुढं जाणार नाहीस, कोर्स करावा लागेल. कोर्स म्हणजे सुया. कुल्ल्यात टोचायच्या, वरून गोळ्या. बाटल्या सरच आणून द्यायचा. पोरगा फुगला. ज्या अंगाला धा वर्षं लागली असती ते एका पावसाळा-हिवाळ्यात झालं, आणि गावानं त्याचा सत्कार केला.

माणूस फुगताना लोक फक्त दंड पाहतात. पाठीवर फोड आले ते मी पाहिले. छाती बाईसारखी लोंबायला लागली, तेव्हापासून तो आमच्यासमोर बनियान काढत नव्हता. डोक्याचे केस गेले. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिंतीवर फेकलं, आणि मग स्वतःच रडला. हे सगळं घरात होत होतं, आणि चौकात त्याचा फ्लेक्स होता.

आमच्याकडे सुई म्हणजे औषध. पेरणीच्या आधी माणूस डॉक्टरकडे जातो आणि म्हणतो, एक ताकदीची सुई देऊन द्या. डॉक्टर गोळी देऊन पाठवतो तो नालायक, सुई देतो तो हुशार. अशा लोकांना कोण सांगणार की सुईनं पोरगा मरून राहिला आहे? शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, बैलाला काही टोचलं असा नुसता संशय आला तरी लोक जोडी मैदानाबाहेर हाकलतात, मालकाच्या मायबापाचा उद्धार करतात. बैलाचं काळीज फुटू नये एवढी अक्कल आहे आम्हाला. माणसाला टोचलं तर आम्ही हार घालतो.

आणि मूल होत नव्हतं. त्याचा दोष कोणाला? सुनेला. माझी बहीण, म्हणजे पोराची आत्या, दर सणाला तिला ऐकवायची. तिला घेऊन गेली या बाबाकडं, त्या देवीला. सुनेनं अमरावतीत तपासण्या करून घेतल्या, तिच्यात काही नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, नवऱ्याला घेऊन ये, तो सुया घेत असेल तर त्यानंच बीज आटतं. नवरा गेला नाही. एवढा मोठा गडी, तिथं डबीत बीज द्यायला लाजला. सून गप्प राहिली. नवऱ्याची इज्जत झाकली आणि वांझ म्हणवून घेतलं.

तर त्या संध्याकाळी आम्ही सगळे अकोल्याच्या दवाखान्याच्या आवारात होतो. पोरगा आत थंड खोलीत. ड्युटीवरच्या डॉक्टरनं सुनेला विचारलं, काही औषधं घेत होते का. ती म्हणाली, "सुया घेत होते. बाटल्या घरी हायेत."

माझी बहीण उठली. "नवऱ्याले खाऊन बसली, आता मेल्यावर बदनाम करते. एक लेकरू त देता आलं नाई."

सून खाली पाहत होती. कोणी बहिणीला गप्प बस म्हटलं नाही. सुनेचा भाऊसुद्धा तिथं होता, तोही बोलला नाही.

डॉक्टर म्हणाला, सकाळी पोस्टमार्टेम करावं लागेल. झालं. सगळ्या नातेवाइकांच्या तोंडून एकच निघालं, चिरफाड नको. आमच्यात ते वाईट समजतात. फाडलेला देह तिरडीवर ठेवायचा म्हणजे जिवंतपणी काही पाप केल्यासारखं. माझ्या साळ्यानं, म्हणजे पोराच्या मामानं, फोन लावायला सुरुवात केली, कोणाची ओळख निघते का पाहायला. तेवढ्यात सर आला. सोबत त्याचे गडी, तंग बनियानवाले. माझ्या पाया पडला.

"काकाजी, अटॅक होता. देवाची मर्जी. एवढी कमावलेली बॉडी, ते लोक सुरीनं कापतील. तुमाले पाहवल्या जाईल काय? मी बोलतो वरती, तुमी फक्त आमची तक्रार नाई म्हणा."

"कोणाची बॉडी?" मी विचारलं.

"आपल्या पोराची, काकाजी. वाघ होता."

"वाघाले सुया कोन देत होतं?"

"ते सप्लिमेंट होतं. ताकदीचं. सगळेच घेतात."

"तू घेतोस?"

त्यानं खिशातला फोन काढून पाहिला. मी त्याच्या मागच्या गड्यांकडे पाहिलं. एक जण स्वतःच्या बुटाकडं पाहत होता.

"मंग त्याईले सांग न," मी म्हणालो, "का मी देतो, मी घेत नाई."

साळा मधात पडला. "भाऊजी, आता भांडाची वेळ हाये काय? उद्या नऊ वाजेपर्यंत घेऊन जाऊ, गावात लोक थांबले. सर करून देतात सगळं."

बहीण म्हणाली, "भाऊ, पोराले फाडू नोको. माह्या गळ्याची शपथ हाये तुले."

मी पाहिलं, सगळे एका बाजूला झाले होते. सर, साळा, बहीण, गावातले चार शहाणे. सून पाण्याच्या टाकीजवळ एकटी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. न फाडता नेला असता तर गावात काय झालं असतं ते मला माहीत होतं. अटॅक आला, वाघ गेला, आणि घरात उरली ती पांढऱ्या पायाची. तिला तेराव्याच्या आत माहेरी धाडली असती, आणि तो डाग तिच्यासोबत गेला असता. सरचा मात्र पुढच्या वर्षी पोराच्या नावानं ढाल असलेला सामना झाला असता.

मी तिच्याजवळ गेलो. "जेवली का बेटा?"

"नाई, मामाजी."

"चाल."

टपरीवर तिला पोहे आणि चहा घेऊन दिला. तिनं पोहे तसेच ठेवले. म्हणाली, "मामाजी, मी त्याईले लय वेळा म्हटलं. ते म्हनत, या सामन्यापर्यंत. मंग दुसरा सामना येत होता."

"तू माले कावून नाई सांगतलं?"

"त्याईनं शपथ घातली होती." मग मूल का होत नव्हतं आणि डॉक्टरीण काय म्हणाली, तेही तिनं तिथंच सांगितलं.

आमच्या घरात शपथांनी माणसं मारली, हे मी तेव्हा पक्कं समजलो. बहिणीची शपथ माझ्या गळ्यात नुकतीच पडली होती. ती मी तिथल्या नालीत थुंकून टाकली.

सकाळी हवालदार कागद घेऊन आला. सगळे भोवती जमले. साळ्याचा फोन कोणा मोठ्या माणसाशी लागला होता, तो फोन हवालदाराच्या कानाला लावायला पाहत होता. मी तो हात बाजूला केला.

"बाप मी हाये," मी हवालदाराला म्हणालो. "चिरा. काळीज पाहा, लिवर पाहा, सगळं पाहा. अन् जे निघन ते लिहा."

बहीण खाली बसून रडायला लागली. सर हळूच फाटकाकडं निघाला. मी त्याला थांबवलं नाही, त्याचं नाव आणि जिमचा पत्ता हवालदाराला सांगितला, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. मग कागदावर सही केली. माझी सही मोठी येते, रेघेच्या बाहेर गेली.

हवालदार म्हणाला, "बाटल्यांबद्दल कोणाला माहीत आहे? जबाब लागेल."

मी सुनेला बोलावलं. एकच खुर्ची होती, तिच्यावर साळा बसला होता. त्याला उठवलं आणि तिला बसवलं.

"सांग, बेटा," मी म्हणालो. "पयल्यापासून सांग. मूल नाई झालं तेबी सांग, डॉक्टरीण काय म्हनली तेबी."

ती माझ्याकडं पाहून बोलायला लागली. मी तिच्या खुर्चीमागं उभा राहिलो, आणि तिचं सांगून होईपर्यंत कोणाला मधात बोलू दिलं नाही.