आत्याचं 'लिबलिबीत'

आमच्या आत्याला पाल-झुरळाचं काही वाटत नसे. चपलेनं झुरळ मारून ती शांतपणे मिशरी लावायला बसे. तिच्या अंगावर काटा यायचा तो ढिल्या पडलेल्या गोष्टींनी. सादळलेला पापड, गिचका झालेली भेंडी, मोरीत ओलं राहिलेलं फडकं. दोन बोटांत धरून, तोंड फिरवून ती म्हणे, "लिबलिबीत." म्हणताना वरचा ओठ पार नाकाला लागे.

नवरा गेल्यावर साताऱ्याकडचं गाव सोडून ती नेरुळला आमच्याकडे आली. सारसोळ्याची कोळीण दारावर यायची. पहिल्यांदा बोंबील पाहिला तेव्हा आत्या उंबऱ्यातून मागे सरकली आणि शिळं विकतेस म्हणून तिच्याशी भांडली. ताजा बोंबीलही असाच ढिला असतो, हे तिला पटेना. आईनं ते पाट्याखाली दाबून, रव्यात घोळून कुरकुरीत तळले, तेव्हा आत्या पोटभर जेवली. म्हणाली, "आता कुटं त्याला हाड आलं."

एकदा मी गुरगुट्या भाताला लिबलिबीत म्हटलं, तर तिनं मला झापलं. "त्याला मऊ म्हन. मऊ पोटाला बरं असतं. धरावं तिथनं निसटतंय, ते लिबलिबीत."

माणसंही तिच्या तावडीतून सुटत नसत. माझ्या ताईचा साखरपुडा झाला होता. ताई वाशीला पोस्टात होती आणि लग्नानंतरही नोकरी कर, असं मुलानंच तिला सांगितलं होतं. पत्रिका छापून आल्यावर त्याची आई त्याला घेऊन घरी आली आणि म्हणाली, नोकरी सोडावी लागेल. आमचे अण्णा पत्रिकांचा गठ्ठा सारखा करत राहिले. आत्यानं सरळ मुलाला विचारलं, "तुमी काय म्हनता?"

त्यानं चहावरची साय बोटानं काढली, ते बोट आमच्या सोफ्याला पुसलं आणि म्हणाला, "आई म्हणेल तसं."

आत्यानं त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि चहा मोरीत ओतला.

मंडळी गेल्यावर अण्णा शब्द दिल्याचं, लोकांचं बोलू लागले. आत्या धाकट्या भावाकडे नुसती बघत राहिली. सादळलेल्या पापडाकडे बघायची तशी. "नामा, तूबी तसलाच," एवढंच म्हणाली. मग तिनं ताईला विचारलं, तो हवा का. ताई नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी दोघी कामोठ्याला मुलाच्या घरी जाऊन अंगठी परत करून आल्या. पुढे कित्येक महिने अण्णा बहिणीशी बोलले नाहीत. घरातलं बोलणं आईमार्फत चाले.

ताईनं पुढे स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. त्यानंतर आत्याला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. दवाखान्यात ती आपल्याच उजव्या हाताकडे बघे आणि ओठ नाकाला लावी. शब्द फुटत नसे, पण आम्हांला तो कळे. डाव्या हातानं तो हात ती खाटेवरून खाली ढकलून देई.

अण्णा रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट तिथे येत. लोंबलेला हात उचलून मांडीवर घेत आणि तेल चोळत बसत. ती पुन्हा ढकली, ते पुन्हा उचलत. एकदा ती अशीच ढकलायला गेली आणि थांबली. डाव्या हातानं तिनं अण्णांचं मनगट गच्च धरलं.

गेली तेव्हाही ती पकड तशीच होती. नर्स तिचं एकेक बोट सोडवू लागली, तेव्हा अण्णा म्हणत होते, "राहू द्या जरा."