नळीवरची वेळ

प्रयोगशाळेत त्यांना सगळे मिनिटबाई म्हणत. तोंडावर नाही हं, पाठीमागे! बावीस वर्षं एकच काम: रक्ताच्या नळ्या यंत्रात गरगर फिरवायच्या आणि वर आलेला पिवळसर प्लाझ्मा अलगद काढून घ्यायचा. त्यात मेलेल्या पेशींमधून सुटलेले डीएनएचे तुकडे असतात. शरीरात कॅन्सर उरला असेल तर त्याचेही. पण साध्या नळीतलं रक्त चार तासांत फिरवलं नाही, तर पांढऱ्या पेशी फुटायला लागतात. मग त्यांच्या डीएनएच्या गर्दीत कॅन्सरचे चार तुकडे कुठे सापडायचे? म्हणून नळीवरची वेळ उलटली की बाई नळी सरळ फेकून द्यायच्या. डॉक्टर हातापाया पडले तरी ऐकायच्या नाहीत.

आणि स्वतःच्या बहिणीच्या वेळी?

धाकटीच्या आतड्यातली गाठ नुकतीच काढली होती. पुढे औषधं द्यायची की नाही, ते या तपासणीवर ठरणार होतं. तिची शीर काही केल्या सापडेना, म्हणून बाई स्वतः घरी गेल्या. पाचव्यांदा टोचल्यावर रक्त आलं. तोवर धाकटी हमसून हमसून रडत होती. मग तिला शांत करणं, मग "ताई, जेवून जा ना", मग वाटेत बंद पडलेली बस. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सात तास झाले.

पुन्हा टोचायचं? बाईंना धीरच होईना. त्यांनी नळीवर नवी चिठ्ठी लावली आणि रक्त काढल्याची वेळ चार तास पुढची लिहिली.

अहवालात काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, औषधं नकोत. बाईंच्या मनात पाल चुकचुकली, पण धाकटी इतकी हरखली होती की आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहूनच गेलं. चार महिन्यांनी यकृतात गाठी दिसल्या. रक्त वेळेवर फिरवलं असतं तर कळलं असतं का, देव जाणे. बाईंना मात्र अन्न गोड लागेना.

शेवटी दवाखान्यात, खाटेच्या कडेला बसून, त्यांनी सगळं सांगून टाकलं.

धाकटी रागावली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे ताई," ती म्हणाली, "ते चार महिने मी उगाचच खूश होते का गं?"