ड्रायव्हरचा खांदा

उमरग्यात माझा दवाखाना आहे. एसटीचे एक ड्रायव्हर घराच्या जिन्यावरून पडले आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. ऑपरेशन सोलापूरला झालं. पुढची तपासणी आणि रजेचे दाखले माझ्याकडं. दीड महिन्यानं ते आले नि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता फिट लिहून द्या. उद्याच हजर होतो."

मी हात वर करायला सांगितला. त्यांनी केला, हसत हसत. पण कपाळावर घाम आला.

"दुखतंय?"

"बिलकुल न्हाय."

मी त्यांना बाहेर नेऊन माझ्या गाडीत बसवलं. जुनी गाडी, स्टिअरिंग जड. "जागेवरच पूर्ण फिरवा," म्हटलं. अर्ध्यात उजवा हात सुटला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि काचेतून समोर बघत राहिले.

"मागं पन्नास माणसं बसतात," मी म्हणालो.

"ते ठावं हाय, साहेब." मग हळूच म्हणाले, "रजा लई शिल्लक हाय. पण घरात बसवत न्हाय. बायको अंगणवाडीत, लेक लातूरला शिकायला. सारी नोकरी माणसांत काढली. आता दिवसभर बोलायला कुणी न्हाय."

मी आणखी तीन आठवड्यांची रजा लिहिली आणि म्हटलं, "व्यायाम घरी नको. रोज सकाळी इथं या." ते कागद घेऊन गेले. मला वाटलं, आता दुसरा डॉक्टर गाठतील.

तिसऱ्या दिवशी आले. व्हरांड्यात मी कप्पी-दोरी बांधून दिली. दोरी ओढता ओढता ते पेशंटांशी बोलायचे. कुठलं गाव म्हणाल, तिथला थांबा त्यांना माहीत. सीमेपलीकडच्या एका म्हातारीला तर मी दिलेल्या गोळ्या कधी घ्यायच्या ते त्यांनीच कन्नडमध्ये समजावलं. मला इतक्या वर्षांनंतरही मोडकंतोडकंच येतं.

तीन आठवड्यांनी हात सहज कानाला लागला. घाम नाही, ओठ दाबणं नाही. 'कामावर रुजू होण्यास योग्य' असं लिहून मी सही केली. त्यांनी दोनदा वाचलं, उजव्या हातानं माझा हात दाबला आणि निघाले.

पुढं चार-पाच दिवस पेशंट आत आले की विचारायचे, "आज ड्रायव्हरसाहेब दिसत न्हाईत?"

"ड्युटीवर गेले," मी सांगायचो. सांगताना बरं वाटायचं. व्हरांडा मात्र जरा गप्प वाटायचा.