आडनावाची नोकरी

माझं आडनाव घाडी. पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंत कुणालाही विचारा, तो अर्थ सांगेल: देवळात उभा राहून गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारा तो घाडी. अर्थासाठी कोश उघडावा लागत नाही, हेच आमचं दुर्दैव.

मुरगावला मी जहाजावरच्या फिटरचा कोर्स करत होतो, तेव्हा मला आडनावांचं वेड लागलं. वर्गात एक फर्नांडिस होता. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा. त्याच्या घरात कधी कुणी फर्नांडो झालाच नव्हता; बाप्तिस्म्याच्या वेळी कुणा पूर्वजाला मिळालेलं नाव पुढे चालत आलेलं. आमचे मास्तर अर्धं आयुष्य फिलिपिनो खलाशांबरोबर काढलेले. ते सांगायचे, तिकडे एका स्पॅनिश साहेबाने आडनावांची यादीच काढली आणि गावोगाव वाटून टाकली. रेयेस म्हणजे राजे, आणि मास्तरांच्या जहाजावरचा रेयेस भांडी घासायचा. इंग्रजांचा स्मिथ, जर्मनांचा श्मिट, पोलंडचा कोवाल्स्की, सगळे मुळात लोहार. पण कुठल्या स्मिथच्या दारात येऊन कुणी म्हणत नाही की बाबा रे, विळा बोथट झालाय, जरा भाता पेटव. त्या सगळ्यांची आडनावं कधीच मेली आणि माणसं सुटली. आमचं तेवढं जिवंत राहिलं.

कोर्स संपला. मालवाहू जहाजावर नोकरी पक्की झाली. गावच्या जत्रेनंतर आठ दिवसांनी रुजू व्हायचं होतं. बॅग भरायला घेतली आणि बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घाड्याची वाचा! पहिल्या दिवशी गाव बाबांसाठी हळहळलं, दुसऱ्या दिवशी माझी चौकशी सुरू झाली.

देवस्थानचे दोन मानकरी, गावाच्या नात्याने काका, चहाला म्हणून आले. बोलत होते बाबांशी, पण नजर माझ्यावर.

"जत्रा तोंडार इली. गाराणा कोण घालतलो?"

मला भाऊ नाही, सख्खे चुलते नाहीत. देवळातले दुसरे मानकरी परब. मी म्हटलं, "ह्या खेपेक परबान घातला तर?"

दोघेही हसले. एक जण म्हणाला, "परबाचा काम परब करतलो, घाड्याचा घाडी."

बाबा पडल्या पडल्या डाव्या हाताची बोटं चादरीवर आपटत होते. ते हो म्हणत होते की नाही, मला अजून ठाऊक नाही. मी सांगून टाकलं, ह्या जत्रेपुरतंच. काकांनी मान डोलावली. जरा जास्तच चटकन डोलावली.

आई मात्र ठाम होती. सकाळी चहाबरोबर माझ्यापुढे पावाचे उंडे ठेवता ठेवता म्हणायची, "तू जा, पुता. बाबांका बगूक मी पुरी आसंय." बाबांना कुशीवर वळवताना तिला धाप लागायची, तरी मला हात लावू द्यायची नाही. माझ्या बॅगेत तिनेच कोकमं बांधून ठेवली.

गाऱ्हाणं पाठ करायची गरज नव्हती. लहानपणापासून ते कानावर पडलेलं, आडनावाबरोबर पाचवीलाच पुजलेलं म्हणा. नियम दोनच. नारळ घेऊन येणारा जे सांगेल ते जसंच्या तसं, खणखणीत आवाजात देवापुढे मांडायचं. टाळायचं नाही, फिरवायचं नाही. आणि घाड्याच्या घरचं गाऱ्हाणं घालायचं नाही. सगळ्या गावासाठी तोंड उघडणाऱ्या माणसाची वाचा गेली, तर ती परत मागायला कुणी नाही. ह्या नियमाचा मला मनस्वी संताप यायचा.

जत्रेच्या सकाळी सोवळं नेसून उभा राहिलो. रांग लागली. मी प्रत्येकाला आडनाव विचारायचो, मागणं ऐकायचो आणि देवाला सांगायचो. कुणाच्या लेकीचा पोर्तुगीज पासपोर्ट अडकलेला. दोडामार्गहून आलेल्या एका ड्रायव्हरला सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक परत सुरू व्हायला हवे होते. एकाची म्हैस आटली होती. दर मागण्यानंतर मागचा जमाव गरजायचा, "व्हय म्हाराजा!" खोटं कशाला बोलू, दहाबारा नारळांनंतर मला मजा वाटू लागली. माझा आवाज गाभाऱ्यात बाबांसारखा घुमत होता.

रांगेच्या शेवटी आई उभी होती. हातात नारळ.

मी गोंधळून काकांकडे पाहिलं. मग रिवाजाप्रमाणे विचारलं, "आडनाव?"

"सुर्लकर," ती म्हणाली.

ते तिचं माहेरचं आडनाव. सुर्ल्यात राहणाऱ्याला कुणी सुर्लकर म्हणत नाही. गाव सोडून बाहेर पडावं तेव्हा गाव असं पाठीला चिकटतं. तिच्या आज्याने सुर्ला सोडलं होतं. लग्न झाल्यापासून तिच्या तोंडून हे आडनाव मी एकदाही ऐकलं नव्हतं. घाड्याच्या घरची म्हणून तिला देवाकडे काही मागता येत नव्हतं, म्हणून ती सुर्लकरांची लेक होऊन आली होती. काकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान हलवली. त्यांना ते चाललं.

माझे डोळे भरून आले. वाटलं, बाबांची वाचा मागायची ही वाट बाईने एकटीने शोधून काढली.

"सांग," मी म्हटलं.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यो घाडी गावातच रवांदी. जहाजार जावक नको."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा कानात नुसतं वाजत राहिलं. मी हळूच म्हटलं, "आई." ती देवाकडेच बघत होती. मागे गाव थांबलं होतं. टाळायचं नाही, फिरवायचं नाही.

"बा रवळनाथा म्हाराजा! सुर्लकरांच्या लेकीचा नारळ मानून घे. ह्यो घाडी गावातच रवांदी, जहाजार जावक नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तरीही जाता आलं असतं. माझी देवावर फारशी श्रद्धाही नाही. पण बसस्टॉपवरचा प्रत्येक माणूस त्या दिवशी 'व्हय' म्हणालेला, त्यांच्यासमोर बॅग घेऊन उभं राहायची हिंमत मला झाली नाही. बाबा गेले, तेव्हाही आईशी मी ह्या विषयावर एक शब्द बोललो नाही. तिच्यावरचा राग कधीच ओसरला. दुसरं करणार तरी काय होती ती? राग येतो तो माझ्या आवाजाचा. त्या सकाळी तो जरासुद्धा कापला नाही.