डिकीत अडकलेली खुर्ची

वडिलांना पक्षाघात होऊन दोन वर्षं होत आली होती, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं. त्यांना नामपूरची शाळा बघायची होती. तिथे ते अकरा वर्षं मुख्याध्यापक होते. मी नाशिकला सरकारी कचेरीत कारकून, घरात आम्ही दोघंच. सकाळ-संध्याकाळ एक पगारी मदतनीस मामा येऊन त्यांची अंघोळ, कपडे, सगळं करून जात. माझी कचेरी सोडली तर बाकीचा वेळ वडील खुर्चीत आणि मी त्यांच्या हाकेच्या टप्प्यात. मे महिन्यात मी एक दिवस रजा टाकली, चाकांची खुर्ची इलेक्ट्रिक गाडीच्या डिकीत घातली आणि आम्ही निघालो.

शाळेला सुट्टी होती. समोरच्या रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग थेट मार्केटपर्यंत लागलेली. दोन ट्रॉल्यांच्या मधे जागा मिळाली, तिथे मी गाडी लावून बंद केली, आत बसलेल्या वडिलांसाठी पंखा तेवढा चालू ठेवला आणि शिपायाकडून फाटकाची किल्ली आणायला गेले. दहा मिनिटांत परतले, तर गाडी उघडेना. रिमोट कितीही दाबला तरी दिवासुद्धा लागेना. शेवटी रिमोटच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून माझ्या बाजूचं दार उघडलं. आत स्टिअरिंगशेजारचा पडदा काळा, पंखा बंद, काचा वर. वडील घामानं निथळत होते. त्यांचं दार डावीकडे आणि डावा हातच अधू.

"हाका मारल्या मी," एवढंच ते म्हणाले.

मी त्यांचं दार सताड उघडलं. गाडी सुरू होईना, ढकलून सावलीत नेता येईना. चाकंच जाम झालेली. डिकी बटणावर उघडणारी, तीही बंद. खुर्ची आत, आणि खुर्चीखालच्या पिशवीत लघवीचं भांडं.

कंपनीच्या मदत क्रमांकावरची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, बाहेरच्या कुणाला हात लावू देऊ नका, वॉरंटी जाईल. न्यायला गाडी पाठवतो. चार तास धरा."

फोन ठेवते तोच वडील म्हणाले, "मला जायचंय."

पुढच्या ट्रॅक्टरवरचे दोघं-तिघं वडिलांना ओळखून उतरून आले. "सर, उचलून नेतो ना शाळेत." वडिलांनी मान हलवली. त्यांना उचललेलं कधीच चाललं नाही. दवाखान्यातही ते भांडले होते. मी पाण्याची बाटली रिकामी केली आणि उघड्या दाराला ओढणी लावून धरली. त्या माणसांच्या लक्षात आलं. ते पाठ करून उभे राहिले आणि मागून येणाऱ्यांना हातानंच पलीकडून जायला सांगू लागले.

पायजम्याच्या नाडीची गाठ आवळली होती. त्यांना एका हातानं ती सुटेना.

"मी सोडू?"

त्यांनी आणखी दोनदा नाडी ओढून पाहिली. मग म्हणाले, "डोळे मिट."

मी मिटले. गाठ चाचपडत सोडली, बाटली त्यांच्या हातात दिली. तोवर उशीर झाला होता. पायजमा भिजला, सीट भिजली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, आणि ओढणी धरलेला हात सोडता येत नव्हता.

त्यातल्याच एकानं मार्केटजवळच्या दुकानातून बॅटरीवाल्याला बोलावून आणलं. पन्नाशीचा माणूस. त्यानं बॉनेट उघडून मीटर लावला.

"गाडी बिघडेल नही शे ताई. बारकी बॅटरी बसी गयी," तो अहिराणीत म्हणाला. गाडी बिघडली नव्हती, लहान बॅटरी उतरली होती.

"पण बॅटरी सत्तर टक्के भरलेली दाखवत होती."

"ती मोठी, गाडी पळवणारी. तिला जागं करायला ही बारकी लागते. हिनं काही खूण नाही दिली का?"

दिली होती. आठवडाभर पडद्यावर पिवळी सूचना येत होती आणि मी ती पुसून टाकत होते. हे मी त्याला सांगितलं नाही. वॉरंटीचंही नाही.

त्यानं आधी काळी वायर सोडली, मग लाल. नवी बॅटरी खाचेत थोडी सैल बसली, म्हणून रबरी पट्टा आवळला. लाल वायर लावली, शेवटी काळी. पडदा उजळला, पंखा फिरू लागला. मी डिकी उघडून खुर्ची रस्त्यावर मांडली आणि कोरडा पायजमा काढला.

"शाळेत जाऊन बदलू या," मी म्हणाले.

"नको. घरी चल."

कंपनीची गाडी मी फोनवर रद्द केली आणि फाटकाची किल्ली शिपायाला परत दिली. नाशिकमध्ये शिरताना द्वारकेच्या चौकात गाड्यांच्या गर्दीत अडकलो, तेव्हा ते फक्त काच खाली कर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मापाची बॅटरी बसवून घेतली. वडिलांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि भिंतीकडे मान वळवली. अख्खा पावसाळा ते घराबाहेर पडले नाहीत, म्हणून मीही कचेरी सोडून कुठे गेले नाही. कधी कधी मी खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीत नुसती बसत असे. त्यांची हाक तिथे ऐकू येत नसे. पाच मिनिटांत वर यायचे.

दिवाळीनंतर एका रविवारी ते आपणहून म्हणाले, "जरा फिरून येऊ. भांडं पुढे ठेव, माझ्या पायाशी."

आम्ही पिंपळगावपर्यंत गेलो. गाडीतून न उतरता परत आलो.