खुंट्याची गाठ

माझा श्वास बंद झाला होता आणि समोरचे म्हातारे हसत होते. आमच्या बाजूच्या बायकाही हसत होत्या. मी उताणी पडले होते. नायलॉनची दोरी बरगड्यांखाली रुतली होती आणि मोठा दोर मला गवतावरून पुढे ओढत नेत होता. आमच्या सात जणींनी हरल्यावर दोर सोडून दिला होता. मला सोडता येत नव्हता, कारण मी स्वतःला त्याला बांधून घेतलं होतं. ओरडायला छातीत हवा नव्हती. मी हात हलवला, तर बाकांवर बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

ते हसले त्याला कारण एक सिनेमा.

सिंगापुरात, यिशुनला, आमच्या ब्लॉकखाली म्हाताऱ्या माणसांसाठी एक केंद्र आहे. सकाळी व्यायाम, दुपारी पत्ते, शुक्रवारी सिनेमा. एका शुक्रवारी तिथे इंग्लंडमधला विनोदी सिनेमा लावला. बोलणं इंग्रजी, खाली अक्षरं चिनी. माझं शिक्षण मराठी चौथी. पण न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं. एका गावातल्या म्हाताऱ्या बायका रस्सीखेचीचा संघ काढतात आणि धट्ट्याकट्ट्या पोलिसांशी खेळतात. रांगेत सगळ्यात मागे एक जाडी बाई असते. ती दोर कमरेला बांधते. पोलीस ओढतात आणि ती चिखलातून, बदकांच्या मधून, थेट तळ्यात जाते. केंद्रातल्या लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. मीही हसले, खोटं कशाला सांगू. शेवटी त्या बायका हरतात आणि एकमेकींच्या गळ्यात पडून गाणं म्हणतात. ते मला आवडलं नाही. हरल्यावर एवढा आनंद कसला?

पुढच्या आठवड्यात बायकांनी ठरवलं, आपणही ओढायचं. समोर कोण, तर आमच्या ब्लॉकमधले अंकल. आठ चिनी आणि तमिळ म्हातारे, निम्मे पूर्वी टॅक्सी चालवणारे. त्यांच्यातल्या एकाने आम्हाला बघून आरोळी दिली, "आंटी, गो होम, कुक करी ला!" इथे वाक्याच्या शेवटी असं "ला" लावतात. मी मराठीत सांगितलं, "तुझ्या बायकोला सांग." त्याला कळलं नाही. पण माझा चेहरा कळला.

घरी मी काही बोलले नाही. मुलगा इथे बँकेत हिशेबनीस आहे. त्याआधीच्या वर्षी मी न्हाणीघरात घसरले, तेव्हा त्याने मला समोर बसवून सांगितलं होतं, "आई, आणखी एकदा पडलीस तर दिवसभरासाठी हेल्पर ठेवणार. ती तुझ्याजवळ बसेल. एकटीने खाली जायचं बंद." मी म्हशीजवळ बसले आहे, आजारी नवऱ्याजवळ सहा वर्षं बसले आहे. माझ्याजवळ कुणी बसायचं, ही कल्पना मला सहन होत नाही. खाली जाणं एवढंच माझं स्वतःचं होतं. म्हणून मुलगा-सून कामावर आणि नात शाळेत गेली की मी बूट घालून लिफ्टने खाली जायचे.

माझं वजन बघून मला शेवटचं टोक मिळालं. शेवटच्या माणसाने दोर काखेतून पाठीवर घेऊन पाय रोवायचे असतात. केंद्रात काम करणारी मुलगी आम्हाला शिकवायची. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, दोराला गाठ मारायची नाही, अंगाला बांधायचा नाही, सिनेमात बघितलं ते विसरा. मी मान हलवली.

पण माझ्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मला बाकावर बसवून पाण्याच्या बाटल्या सांभाळायला दिल्या असत्या. सरावात दोर माझ्या हातातून सरकायचा आणि तळहात सोलून निघायचा. सुनेने विचारलं, "आई, अहो हाताला काय झालं?" मी म्हटलं, तवा लागला.

चौथीनंतर माझ्या हातात पाटीऐवजी म्हशीचं दावं आलं. खुंट्याला दावं बांधायची एक गाठ आमच्याकडे असते. म्हैस जितकी ओढेल तितकी ती आवळते. त्या गाठीने माझ्या हातून एकही म्हैस सुटली नाही. सामन्याच्या सकाळी मी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घेतली, टीशर्टच्या आतून कमरेला तीच गाठ मारली आणि दुसरं टोक मोठ्या दोराला बांधलं. वरून टीशर्ट ओढून घेतला. बोटं मिटत नाहीत तर नकोत, मी हलणार नाही, असा माझा हिशेब. फक्त एक गोष्ट ध्यानात आली नाही. खुंट्याला श्वास घ्यायचा नसतो.

तर मी ओढली गेले आणि सगळे हसले. सगळ्यांनी तो सिनेमा बघितला होता. त्यांना वाटलं, आंटी त्या जाड्या बाईची नक्कल करतेय, काय हुबेहूब करतेय! शिकवणारी मुलगीसुद्धा हसत होती. मला तिचे दात दिसले आणि मग तेही नीट दिसेनासे झाले.

एकच बाई हसली नाही. चौथ्या मजल्यावरची मलय बाई. गुडघ्यांमुळे ती खेळत नव्हती, सगळ्यांसाठी पपई कापत बसली होती. सिनेमाच्या शुक्रवारी ती दवाखान्यात गेली होती. त्यामुळे मी कुणाची नक्कल करतेय हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला एक म्हातारी मरताना दिसली. ती "स्टॉप! स्टॉप!" ओरडत त्या दुखऱ्या गुडघ्यांनी पळाली, माझा टीशर्ट वर केला आणि पपईच्या सुरीने दोरी कापली. चार माणसांसमोर माझं पोट उघडं. लाजायला मला वेळ नव्हता. मी हवा आत घेतली. फार दुखलं.

दोन बरगड्यांना तडे गेले होते. मुलगा ऑफिसातून हॉस्पिटलात आला.

"आई, वय काय तुझं?"

"तुला माहीत आहे. फॉर्म तूच भरतोस."

"हसण्यावारी नेऊ नकोस. जीव गेला असता."

"गेला नाही."

"हेल्पर ठेवतोय मी."

"ठेव. ती वर बसेल, मी खाली जाईन. मी पडले नाही, मी चुकीची गाठ मारली. पडणं वेगळं."

नात हळूच म्हणाली, "आजी, व्हाय यू टाय युवरसेल्फ? सो डेंजरस ला." मग मी त्या सगळ्यांना बोटं दाखवली. मिटत नाहीत ती दोन. मुलाने ती स्वतः मिटवून बघितली. सून म्हणाली, "आई, आधी सांगायचं नाही का?" मी म्हटलं, "सांगून तुम्ही काय केलं असतं? खालीच जाऊ दिलं नसतं."

दोन महिन्यांनी मी खाली गेले. केंद्रातल्या मुलीने कागद पुढे केला. यापुढे खेळायचं तर घरच्यांची सही लागेल, म्हणाली. ती माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती. मी तिलाही बोटं दाखवली आणि सांगितलं, "शेवटचं टोक दुसरीला दे. मला सगळ्यात पुढे उभी कर, म्हाताऱ्यांच्या तोंडासमोर." कागद घरी नेला. मुलाने तो दोनदा वाचला. पेन काढलं, झाकण लावलं, परत काढलं.

"अंगाला काही बांधणार नाहीस?"

"नाही."

"शपथ?"

"शपथ कसली, सही कर."

त्याने केली. हेल्परचं पुन्हा निघालं नाही. मी त्याच्या सहीखाली माझीही केली, मराठीत, आडवी रेघ ओढून. केंद्रातली मुलगी म्हणाली तुमची लागत नाही. मी म्हटलं, असू दे.

दुसऱ्या सामन्यात तीन खेचींपैकी एक आम्ही जिंकली. दोन हरलो. कुणाच्या गळ्यात पडले नाही, घरी येऊन डाळ-तांदूळ लावला. तो करीवाला अंकल आता मला बघून फक्त मान हलवतो.

पहिल्या दिवशी दोराला आम्ही आठ बायका होतो, पलीकडे आठ म्हातारे आणि बाकावर पपई कापणारी. सगळे जिवंत आहेत. मीही.